बगळा कोणता, हे ठरवण्याआधी

महाड,
जानेवारीचा दुसरा आठवडा

चि. भाचीस,


तुझं पत्र, फोटो आणि वहीच्या पानाची प्रत, सगळं मिळालं. पोलादपूरहून महाडकडे येताना सावित्रीच्या पात्रात दिसलेला पांढरा बगळा समुद्र बगळा होता असं तुझं म्हणणं, आणि तो साधा लहान बगळाच होता असं तुमच्या गटातल्या काकांचं. त्यांनी ते चारचौघांत जरा तोडून सांगितलं, ते तुला लागलं. आता पाणपक्षी गणनेच्या तक्त्यात काय लिहू, असं तू विचारतेस. उत्तर आधीच देऊन टाकते: 'लहान बगळा किंवा समुद्र बगळा, जात निश्चित नाही' असं लिही. ही माघार नाही, आणि काकांपुढे मान तुकवणंही नाही. तू जे पाहिलंस त्याला धरून राहणारी तेवढी एकच नोंद आहे. असं का म्हणते ते सविस्तर लिहिते, कारण हा प्रश्न तुला पुढे जन्मभर पडणार आहे.

आधी पक्ष्याकडे बघू. लहान बगळ्याची पुस्तकातली ओळख सोपी आहे. चोच काळी, सडपातळ, सरळ. पाय काळे आणि पावलं पिवळी. काळा रंग कुठे संपतो आणि पिवळा कुठे सुरू होतो, ती रेघ घोट्यापाशी स्वच्छ दिसते. समुद्र बगळ्याची चोच थोडी लांब, बुडाशी जाड, टोकाकडे किंचित खाली झुकलेली. रंग तपकिरी नाहीतर पिवळट. पाय शेवाळी हिरवट, आणि पावलांचा पिवळा रंग नडगीवर थोडा वर चढलेला. तू पिवळट चोच आणि हिरवट पाय लिहिलेस, म्हणून तुझं मन समुद्र बगळ्याकडे धावलं. त्यात चूक काही नाही. पण पुस्तकातली ती सोपी ओळख पूर्ण वाढलेल्या लहान बगळ्याची आहे. पावसाळ्यात घरट्यातून निघालेल्या पिल्लांची चोच फिकट, बुडाशी करडी असते आणि पायही हिरवटच असतात. शिवाय आपल्या सावित्रीचा गाळ आहेच. त्यात पाय रोवून उभा राहिलेला बगळा बाहेर आला की पिवळी पावलं काळी दिसतात, आणि उन्हात गाळ वाळला की काळे पाय राखाडी होतात. एखाद्या दिवशी दादली पुलाच्या कठड्याशी उभी राहून खालच्या बगळ्यांचे पाय नुसते बघत राहा. एकाच थव्यात किती रंगांचे पाय निघतात ते तुझं तुलाच दिसेल.

तुझा पक्षी पांढरा होता, म्हणून हा वाद. समुद्र बगळ्याचा गडद राखाडी प्रकार असता, गळ्यावर पांढरा डाग असता, तर प्रश्न बराचसा सुटला असता. बराचसाच म्हणते, पूर्ण नाही. कारण लहान बगळ्यातही क्वचित गडद पक्षी आढळले आहेत आणि या दोन जातींच्या संकराच्याही नोंदी आहेत. निसर्गानेच जिथे रेघ पुसट ठेवली आहे, तिथे आपण ठळक ओढायची नाही.

आता जागेचं. काका म्हणाले, समुद्र बगळा समुद्रकाठी असतो, तो इथे डोंगराच्या पायथ्याशी कशाला येईल? शक्यतेचा विचार केला तर त्यांचं म्हणणं वजनदार आहे. पण 'येणारच नाही' असं मात्र म्हणता येत नाही. सावित्री महाबळेश्वरला उगम पावून पोलादपूर, महाड, दासगाव करत बाणकोटच्या खाडीला मिळते. जुन्या काळी गलबतं महाड बंदरापर्यंत येत. भरतीच्या वेळेला पूर आला की पाणी कसं तुंबतं आणि बाजारपेठेत कसं शिरतं, हे महाडकराला कुणी शिकवावं लागत नाही. म्हणजे समुद्राचं आपल्या दारापर्यंत जाणं-येणं आहे. खाडीच्या काठाने चरत चरत एखादा समुद्र बगळा वर आला, तर ते नवल असेल, अशक्य नाही. मात्र दासगावच्या खाडीत दिसलेला आणि पोलादपूरच्या गोड्या पाण्यातल्या खडकावर दिसलेला, या दोन पक्ष्यांकडे मी सारखाच पुरावा मागणार नाही. जागा जितकी अनपेक्षित तितका पुरावा भक्कम हवा. काकांनी एवढंच म्हटलं असतं तर भांडण झालंच नसतं.

तुझे फोटो मी मोठे करून पाहिले. ते संध्याकाळचे आहेत. त्या उन्हात पांढरी पिसंसुद्धा पिवळसर आली आहेत, मग चोचीच्या पिवळेपणावर किती विसंबायचं? मोबाइल स्वतःच्या मनाने रंग गडद करतो, आणि पांढरा पक्षी उन्हात असला की त्याच्या कडा जळून जातात; चोच आहे त्यापेक्षा बारीक नाहीतर जाड दिसते. एका फोटोत चोच वाकलेली वाटते, दुसऱ्यात तोच पक्षी सरळ चोचीचा. पावलं एकाही फोटोत पाण्याबाहेर नाहीत. अशा वेळी फोटोपेक्षा थोडं चित्रण उपयोगी पडतं, कारण पक्षी मान वळवतो, पाय उचलतो, आणि एका क्षणाने केलेली फसवणूक पुढचा क्षण उघडी करतो. तरी हे फोटो पुसू नकोस, अगदी धूसर आहे तोसुद्धा. वाळू-चिखल्यांच्या एका जातीच्या अलीकडे दोन जाती केल्या गेल्या, गाय बगळ्याचंही तसंच झालं. ज्यांनी जुने फोटो आणि टिपणं जपून ठेवली होती, त्यांना आपल्या नोंदी पुन्हा तपासता आल्या. ज्यांच्याकडे नुसती नावं होती, त्यांच्या हाती तपासायला काहीच उरलं नाही.

अशा जोड्या तुला जागोजागी भेटतील. छोटा पाणकावळा आणि भारतीय पाणकावळा लांबून दोन्ही काळेच. पण छोट्याची चोच आखूड आणि जाडसर, भारतीयाची लांब, बारीक, टोकाशी आकडा असलेली आणि डोळा हिरवा-निळा. पंख वाळवत बसले असतील तर थांब, घाई करू नकोस, ते बराच वेळ तसेच बसतात. मध्यम बगळा आणि मोठा बगळा यांत आकारावर जाऊ नकोस. एकटा उभा असलेला बगळा आपल्याला हवा तेवढा मोठा दिसतो. तोंडाची चीर बघ. मोठ्या बगळ्यात ती डोळ्याच्या मागे जाते, मध्यमात डोळ्याखालीच थांबते. तुतवारांत हिरवा आणि ठिपकेवाला असा गोंधळ होतो. तिथे उडतानाचा पंखाचा खालचा भाग बघायचा. हिरव्याचा तो काळपट, ठिपकेवाल्याचा फिकट. आवाज ऐकलास तर आणखी उत्तम.

काही जोड्या मात्र अशा आहेत की डोळे कितीही तयार असले तरी इलाज नाही. भातखाचरांतल्या ओलीत थंडीत उतरणारे पाणलावे घे. साधा पाणलावा उडाला की पंखाच्या मागच्या कडेला पांढरी पट्टी दिसते, म्हणून त्याचं भागतं. पण दुसऱ्या दोन जाती, ज्यांना पुस्तकात पिनटेल आणि स्विनहो अशी नावं आहेत, त्यांच्यात शेपटीची बाजूची पिसं पसरलेली दिसल्याशिवाय छातीठोक बोलता येत नाही. वंचकाचंही तसंच. भारतीय वंचक आणि चिनी वंचक विणीच्या पिसाऱ्यात ओळखू येतात. हिवाळ्यातल्या रेघोट्यांच्या तपकिरी पिसाऱ्यात मोठमोठे जाणकारही हात जोडतात. तू आणि काका मिळून या जानेवारीत एखाद्या वंचकावर तासभर वाद घालाल, पण त्या पक्ष्याच्या अंगावर उत्तर लिहिलेलंच नाही.

आता तू विचारशील, एका बगळ्यासाठी एवढा कीस कशाला? नोंद चुकली तर काय बिघडतं? महाराष्ट्रातलीच गोष्ट सांगते. वन पिंगळा, म्हणजे रानातलं छोटं घुबड. ए. ओ. ह्यूम यांनी १८७३ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. पुढे जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने खानदेशात त्याचे नमुने गोळा केले. १८८४ नंतर खात्रीचा पक्षी कुणाला मिळाला नाही. मात्र एक नमुना मध्येच उभा होता: गुजरातेत तापीकाठी मांडवीला १९१४ मध्ये मिळाल्याचं लेबल असलेला, कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांच्या नावाचा. पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयांतले नमुने बारकाईने तपासले, तेव्हा कळलं की हा डेव्हिडसनच्याच नमुन्यांपैकी एक. तो लांबवून, पुन्हा भरून, नवं लेबल लावून ठेवलेला होता. ती नोंद बाजूला सारून त्यांनी जुन्या अस्सल नोंदींच्या जागा धरल्या, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये बेन किंग आणि डेव्हिड अॅबट यांच्यासह शहाद्याजवळ त्यांना वन पिंगळा जिवंत दिसला. ११३ वर्षांनी. एक खोटं लेबल किती दशकं वाटेत आडवं पडून राहतं ते बघ. तुझ्या मनात फसवणूक नाही हे मला ठाऊक आहे. पण पन्नास वर्षांनी तक्ता वाचणाऱ्याला लिहिणाऱ्याचं मन दिसत नाही, फक्त लिहिलेलं दिसतं.

पाणपक्ष्यांतही असंच. गुलाबी डोक्याच्या बदकाची शेवटची मान्य नोंद १९३५ ची, बिहारमधल्या दरभंग्याकडची, सी. एम. इंग्लिस यांची. त्यानंतर कुणी ना कुणी ते पाहिल्याचं सांगतच आला आणि पुष्कळदा ती मोठी लालसरी असावी असं निघालं. तिच्या नराचं डोकं नारिंगी-तांबडं असतं आणि तिरप्या उन्हात गुलाबी भासू शकतं. ती माणसं खोटारडी नव्हती. त्यांना ते बदक फार हवं होतं, एवढंच. हवं असणं डोळ्यांत उतरतं, म्हणून या नादातल्या माणसाने सगळ्यात आधी स्वतःच्या हौसेवर नजर ठेवावी असं मला वाटतं. प्रवीण जे., राजा जयपाल आणि आशीष पिट्टी यांनी २०१६ मध्ये 'इंडियन बर्ड्स' या नियतकालिकात भारतातल्या पक्ष्यांची यादी छापली, तिच्यात १२६३ जाती घेतल्या. पुराव्याच्या चाळणीतून न उतरणारे कितीतरी जुने दावे त्यांनी बाहेर ठेवले. त्यांत नावाजलेल्या माणसांचेही होते. यादीला वय किंवा मान कळत नाही, कळतो तो पुरावा. हे तुझ्या काकांना जितकं लागू, तितकंच तुलाही.

म्हणून वहीची सवय लाव, आणि ती पुस्तक उघडण्याआधी. पक्षी दिसला की नाव मनात आलं तरी लिहू नकोस. आधी चोच, पाय, डोळा, आकार, शेजारी कोणता ओळखीचा पक्षी होता आणि त्याच्या मानाने हा केवढा, ऊन कुठून येत होतं, अंतर किती, वेळ काय. खाडीच्या बाजूला असशील तर भरती की ओहोटी हेही लिही. चित्र काढ, वेडंवाकडं चालेल. जे दिसलं नाही तेही लिही: 'पावलं दिसली नाहीत.' तुझ्या वहीत हे वाक्य होतं, आणि सगळ्या पानात मला तेच जास्त आवडलं. त्याच एका ओळीने मला तुझ्या पक्ष्याचा निकाल देता आला. बरोबर कुणी असेल तर दोघींनी आधी वेगवेगळं लिहायचं, मग बोलायचं. एकीने 'समुद्र बगळा' म्हटलं की दुसरीलाही पिवळी चोच दिसायला लागते. डॉ. सतीश पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं २००३ सालचं सह्याद्री, कोकण आणि मलबारच्या पक्ष्यांचं पुस्तक माझ्याकडे आहे, ते घेऊन जा. पण ते घरी ठेव, संध्याकाळी उघड.

आणि साध्या पक्ष्यांना वेळ दे. सलीम अलींनी आपल्याच जिल्ह्यात, किहीमला, १९३० मध्ये सुगरणींची वसाहत दिवसेंदिवस पाहिली, आणि एक नर एकापाठोपाठ एक घरटी बांधून वेगवेगळ्या माद्यांशी कसा संसार थाटतो ते उलगडलं. सुगरण काही दुर्मीळ नव्हती. प्रत्येक गावाच्या विहिरीवर तिची घरटी लोंबत असत. समुद्र बगळा ओळखायचा असेल तर लहान बगळा सगळ्या वयांत, सगळ्या उजेडांत, ओला, कोरडा, चिखलाने माखलेला तुझ्या डोळ्यांत बसला पाहिजे. मग वेगळा आला की तो आपण होऊन वेगळा दिसेल.

आता काकांविषयी. ते या नदीवर तुझ्या जन्माआधीपासून फिरताहेत. त्यांच्या अनुभवाचा मान ठेव, पण अनुभव म्हणजे पुरावा नव्हे, हेही मनात स्पष्ट ठेव. 'मी तीस वर्षं बघतोय' या वाक्यावर 'काका, या पक्ष्याच्या पायांबद्दल तुम्हाला काय दिसलं?' असं विचार. आवाज न चढवता विचार. वाद पक्ष्याच्या पायांवर आणला की माणसांचे पाय ओढणं थांबतं. त्यांच्याकडून एखादं लक्षण शिकायला मिळालं तर सगळ्यांसमोर तसं म्हण. आणि ते चुकले असं पुढे निघालं, तर ते सगळ्यांसमोर मिरवू नकोस. पोलादपूर-महाडात पक्षी बघणारी माणसं मोजकी आहेत. त्यांची तोंडं दोन दिशांना झाली की गणनेला नदीकाठ कोण चालणार? आपल्याच गावातल्या 'सिस्केप' संस्थेने गिधाडांचं काम उभं केलं, म्हसळ्याच्या चिरगावला घरटी राखली, ते एकमेकांवर विश्वास ठेवून केलेल्या मोजणीच्या बळावर.

ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर तुझ्या नोंदीबद्दल खुलासा मागितला गेला, त्याचंही वाईट वाटून घेऊ नकोस. तिथली तपासणारी माणसं बिनपगारी, आपल्यासारखीच हौशी. अनपेक्षित नाव आलं की ती सगळ्यांनाच विचारतात. पटलं नाही तर नोंद सार्वजनिक नकाशावर येत नाही, पण तुझ्या यादीत ती राहते. तिथे 'लहान बगळा/समुद्र बगळा' असा जोडनावाचा पर्यायच ठेवलेला आहे. म्हणजे जगभरच्या जाणत्या लोकांना ही अडचण ठाऊक आहे. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत चालू आहे, तिच्या तक्त्यातही अनोळखी बगळ्यांसाठी जागा असते. वाण्याच्या वहीत उधारी जमेला धरत नाहीत, पण म्हणून ती खोडूनही टाकत नाहीत. तुझा बगळा सध्या उधारीत राहू दे.

आपल्याकडे हे सगळं जरा जास्तच जपायला हवं. जुलै २०२१ च्या पुरानंतर सावित्री आणि गांधारी नद्यांच्या पात्रांतला गाळ उपसला गेला. शहराच्या जिवासाठी ते गरजेचं होतं, पुराचं पाणी ज्यांच्या माळ्यापर्यंत चढलं त्यांना मी याविरुद्ध एक शब्द सांगणार नाही. पण त्या गाळाच्या उंचवट्यांवर, दगडगोट्यांत चिखल्या, तुतवार, बगळे उतरत. वरच्या बाजूला औद्योगिक वसाहत आहे, खाली खाडी आहे. उद्या कुणी विचारलं की या नदीत आधी काय होतं आणि आता काय राहिलं, तर उत्तर द्यायला तुमच्या-आमच्या वह्यांशिवाय दुसरं काही नाही. त्यांत हौसेने लिहिलेली नावं निघाली, तर खऱ्या नोंदींवरही कुणी विश्वास ठेवणार नाही, आणि मग नदीच्या बाजूने बोलायला आपल्याकडे तोंड राहणार नाही. तुझ्यावर मी एवढी कडक होते ती याच्यासाठी.

एक ताकीद. पावलं बघायची म्हणून पाण्याच्या कडेला उतरू नकोस. सवपासून दासगावपर्यंत सावित्रीत मगरी आहेत, आणि उन्हाला पडलेली मगर ओंडक्यासारखी निपचित असते. पुलावरून, नाहीतर उंच काठावरून बघायचं. पक्ष्याला उठवून पाय दाखवायला लावायचं नाही, दिवसभर पोट भरायला धडपडणारा जीव आहे तो.

आज रात्री तक्त्यात नोंद कर. फोटो आणि वहीचं पान तिला जोड, आणि शेऱ्यात लिही: 'चोच पिवळट, पण संध्याकाळचं ऊन, पाय हिरवट, पावलं दिसली नाहीत.' काकांना मी स्वतः फोन करून रविवारी दासगावला बोलावलं आहे. ओहोटीची वेळ विचारून ठेवली आहे, सकाळी सातच्या आत तू महाड स्टँडवर ये. वही आण, पेन्सिल दोन आण.

तुझी,
आत्या